पंधरा युरोत विमान उडवणं परवडतं कसं?

प्रश्न असा आला आहे: "मी जर्मनीत एमबीए करतो. परवा मित्रासोबत बर्गामोला जाऊन आलो. जातानाचं तिकीट पंधरा युरो, आणि विमानतळावर पोचायला बसचं भाडं जवळपास तेवढंच. या स्वस्त विमान कंपन्या तिकिटं तोट्यात विकतात आणि सामानाच्या पैशांतून वसूल करतात, एवढंच ना? मग लुफ्तान्सा, एअर फ्रान्स यांनी हेच का केलं नाही? सेमिनारला हा विषय घ्यायचा विचार आहे."

मी बरीच वर्षं युरोपातल्या एका विमान कंपनीत नवे मार्ग ठरवणाऱ्या विभागात होतो. आता छोट्या विमानतळांच्या बाजूने कंपन्यांशी बोलणी करतो, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. तुमचा प्रश्न मी थोडा फिरवून घेतो. भाडं कमी कुणीही ठेवू शकतो, त्यासाठी फक्त खिशात पैसे लागतात आणि ते संपेपर्यंत धंदा चालतो. एक सीट इथून तिथे न्यायला या कंपन्यांना इतरांपेक्षा इतका कमी खर्च का येतो, आणि ते दिसत असूनही बाकीच्यांना का जमत नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी तोट्याचं बघू. रायनएअर या आयर्लंडच्या स्वस्त कंपनीचं मार्च २०२५ ला संपलेलं आर्थिक वर्ष घ्या. वर्षभरात सुमारे २० कोटी प्रवासी, सरासरी भाडं साधारण ४६ युरो. सामान, सीटची निवड, आधी चढण्याची सोय, विमानातलं खाणंपिणं या सगळ्यातून प्रवाशामागे आणखी २३-२४ युरो. म्हणजे माणशी ७० युरोच्या आसपास जमा. निव्वळ नफा १६१ कोटी युरो, म्हणजे माणशी आठ युरो. तुम्ही पंधरा युरोत गेलात, पण तुमच्याच रांगेत कुणीतरी आदल्या दिवशी तिकीट काढून शंभराच्या वर मोजून बसलेला असतो. इथला नियम असा की आधी विमान भरायचं, त्या भरण्यातून भाडं जे मिळेल ते मिळेल. जुन्या कंपन्या उलट करतात. त्या आधी भाडं धरून ठेवतात आणि सीट रिकामी गेली तरी चालवून घेतात. रायनएअरच्या ९४ टक्के सीट भरलेल्या असतात. दार बंद झालं की रिकाम्या सीटची किंमत शून्य, त्यामुळे पंधरा युरोसुद्धा कमाईच असते.

सामानाबद्दल तुमचा अंदाज अर्धा बरोबर आहे. एकूण उत्पन्नातला एक तृतीयांश भाग या जादा विक्रीचा आहे, हे खरं. पण तो नसता तरी कमी खर्चाचा पाया तसाच राहिला असता. तो पाया कशाचा आहे ते सांगतो, आणि त्यात सगळ्यात आधी वेळ येतो.

विमान जमिनीवर उभं असलं तरी त्याचं भाडं किंवा कर्जाचा हप्ता चालूच असतो, विमा चालू असतो. समजा एका फेरीला, गेटपासून गेटपर्यंत, एक तास पन्नास मिनिटं लागतात. सकाळी सहाला पहिलं उड्डाण. दोन उड्डाणांमध्ये विमान साठ मिनिटं थांबवलं तर रात्री दहापर्यंत सहा उड्डाणं होतात. सातवं घ्यायचं म्हटलं तर रात्रीचा एक वाजायला येतो आणि तोवर बरेच विमानतळ बंद झालेले असतात. आता तेच थांबणं पंचवीस मिनिटांवर आणा. आठ उड्डाणं करून विमान ११ वाजून ३५ मिनिटांनी घरी येतं. विमान तेच, हप्ता तोच, पण १८९ सीटच्या बोइंग ७३७-८०० वर दिवसाला ३७८ सीट जास्त विकायला मिळाल्या. (प्रत्यक्षात रात्रीची बंदी, ऋतू आणि अंतर यांनुसार हा हिशेब हलतो. जर्मनीतल्या काही विमानतळांवर रात्री अकराचा काटा फार जाचतो.)

ही पंचवीस मिनिटं कशी साधतात ते पुढच्या वेळी खिडकीतून बघा. विमान शक्यतो एअरोब्रिजला (टर्मिनलमधून थेट दारापर्यंत नेणाऱ्या बोगद्याला) लागत नाही. पुढची शिडी विमानाच्याच पोटात असते, ती दारातून खाली उघडते. मागच्या दाराला बाहेरची शिडी लावतात आणि लोक दोन्हीकडून उतरतात. शेवटचा प्रवासी उतरायच्या आत केबिन क्रू रांगारांगांतून कचरा गोळा करत येतो, बाहेरची सफाईची टोळी नसते. सीटच्या पाठीला जाळीचा खिसा नाही, कारण खिसा असला की त्यात सालं आणि टिश्यू कोंबले जातात आणि कुणीतरी ते काढत बसतो. सुरक्षेच्या सूचना सीटच्या पाठीवरच चिकटवलेल्या. सीट मागे कलत नाही, त्यामुळे कलण्याचा सांधा बिघडत नाही आणि दुरुस्तीला वेळ जात नाही. इंधन भरणं चालू असतानाच पुढचे प्रवासी बोर्डिंग पास दाखवून जिन्यात किंवा बाहेर रांगेत उभे असतात. थंडीत तिथे उभं राहून लोक शिव्या घालतात ते मला ठाऊक आहे, पण त्या रांगेने वाचवलेली मिनिटंच तुमच्या तिकिटात उतरतात.

सामानाची आकारणीही मुळात इथूनच आली. पोटात जाणारी प्रत्येक बॅग म्हणजे काउंटरवर एक माणूस, पट्ट्यावर एक माणूस, विमानाखाली दोन माणसं आणि थोडा उशीर. बॅगेला पैसे लावले तसं लोकांनी बॅगा नेणं कमी केलं आणि तो अख्खा खर्चच आटला. पुढे मग सगळेजण चाकाच्या बॅगा घेऊन आत येऊ लागले, वरचे कप्पे भरले, चढायला वेळ लागू लागला. तेव्हा त्या बॅगेलाही पैसे लागले आणि फुकटात फक्त सीटखाली मावणारी पिशवी उरली. यावर कायद्याची लढाई चालू आहे. स्पेनच्या ग्राहक मंत्रालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोचा दंड जाहीर केला, त्यात सर्वांत मोठा वाटा रायनएअरचा. कंपन्या अर्थातच न्यायालयाची भाषा बोलू लागल्या. माझं मत विचाराल तर पोटातल्या बॅगेचे पैसे रास्त आहेत. पण गेटवर अचानक पिशवी मोजून केलेली वसुली ही खर्च वाचवण्याची गोष्ट राहत नाही, ती निव्वळ कमाई आहे, आणि ग्राहकाला तो फरक कळतो.

आता सीट आणि माणसं. नियमाप्रमाणे साधारण दर पन्नास सीटमागे केबिन क्रूमधला एक जण लागतो. रायनएअरच्या नव्या ७३७ मॅक्स ८-२०० मध्ये १९७ सीट आहेत. दोनशेच्या आत, म्हणजे चार जणांत भागतं. कंपनीच्या म्हणण्यानुसार इंधनही जुन्यापेक्षा १६ टक्के कमी लागतं. याचं उलट टोक ईझीजेट या ब्रिटनच्या स्वस्त कंपनीने २०२२ च्या उन्हाळ्यात दाखवलं. माणसं मिळत नव्हती, तेव्हा त्यांनी ब्रिटनमधल्या ए३१९ विमानांच्या मागच्या रांगेतल्या सहा सीट बाद करून १५६ चे १५० केले, म्हणजे चारऐवजी तिघांवर काम चाललं. बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटतं. आमच्या खात्यात मात्र असं एखादं गणित सुचलं की दिवस सार्थकी लागायचा.

शिवाय विमान आणि क्रू रात्री आपल्या तळावर परततात. परगावी हॉटेल नाही, भत्ता नाही. सकाळची पाळी चार उड्डाणं करून घरी जाते, दुपारची पाळी उरलेली चार करते. विमान एकाच जातीचं असल्यामुळे कुठलाही वैमानिक कुठल्याही विमानावर बसतो, आणि सुट्या भागांचा साठाही एकच पुरतो.

मला जास्त माहिती आहे ती विमानतळांशी होणाऱ्या बोलणीची. पहिल्यांदाच येणारे विमानतळाचे अधिकारी नकाशा उघडून धावपट्टी किती लांब, टर्मिनल किती सुंदर हे सांगायला लागतात. समोरच्याला त्यात काडीचा रस नसतो. त्याचे प्रश्न ठरलेले: प्रवाशामागे एकूण किती घ्याल, किती वर्षांसाठी बांधून द्याल, वर्षाला अमुक लाख प्रवासी आणले तर दर किती उतरेल, पहाटे सहाला उघडाल का. इथे विमानतळाचं अर्थकारण वेगळं असतं. धावपट्टी आधीच बांधलेली, पगार आधीच चालू, त्यामुळे नवा प्रवासी आला की खर्च फारसा वाढत नाही. पण पार्किंग, कॉफी, भाड्याच्या गाड्या यातून पैसे येतात. प्रांताच्या सरकारला तर हॉटेलं भरायला हवी असतात. म्हणून कंपनीकडून घेण्याऐवजी कधी कधी विमानतळच तिच्या प्रचाराला हातभार लावतो.

याचा गाजलेला खटला शार्लरुआचा. ब्रसेल्सच्या दक्षिणेला असलेल्या या विमानतळाने आणि वालोनिया प्रांताने रायनएअरला २००१ मध्ये भरघोस सवलती दिल्या. युरोपीय आयोगाने फेब्रुवारी २००४ मध्ये त्यातला काही भाग बेकायदा सरकारी मदत ठरवला आणि डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. मुद्दा असा होता की एखाद्या खाजगी मालकाने धंद्याचा विचार करून असाच करार केला असता का? आजही प्रत्येक करारात वकील हाच प्रश्न विचारतात.

पण छोट्या विमानतळांच्या बाजूने बोलताना मी नेहमी हानचं उदाहरण पुढे ठेवतो. फ्रँकफर्ट-हान हे फ्रँकफर्टपासून सुमारे १२० किलोमीटर लांब आहे. जुना लष्करी तळ, रायनएअरने भरभराटीला आणलेला. नंतर कंपनीने आपलं लक्ष मोठ्या विमानतळांकडे वळवलं. ती २०१७ मध्ये खुद्द फ्रँकफर्टला आली, २०२२ मध्ये दर परवडत नाहीत म्हणून तिथूनही निघून गेली. हानची चालक कंपनी २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. एकाच गिऱ्हाईकावर घर चालवणाऱ्याची बाजू बोलणीत कायम पडती असते. विमानं चाकांवर असतात, तळ हलवायला एक हंगाम पुरतो. हे कंपनीला माहीत असतं आणि विमानतळालाही.

आणखी एक गोष्ट, जी तुमच्या वर्गात बहुधा कुणी बोलणार नाही: विमानं कधी विकत घेतली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सगळे ऑर्डरी रद्द करत होते. जानेवारी २००२ मध्ये रायनएअरने बोइंगला शंभर विमानांची पक्की ऑर्डर दिली, वर पन्नासचा पर्याय राखून. डिसेंबर २०२० मध्ये, कोविड चालू आणि दोन अपघातांमुळे मॅक्स विमानाचं नाव बदनाम झालेलं असताना, आणखी ७५ मॅक्सची ऑर्डर. बाजार घाबरलेला असताना ज्याच्याकडे रोकड आहे त्याला जी सूट मिळते, ती पुढची वीस वर्षं प्रत्येक सीटच्या खर्चात दिसत राहते. चांगल्या काळात विमान घेणारा ती कधीच भरून काढू शकत नाही.

तर आत्तापर्यंतचं: विमान जास्त तास हवेत, त्यात जास्त सीट, कमी हातांत काम, विमानतळाचा दर घासाघीस करून खाली आणलेला, आणि विमान मुळातच स्वस्तात घेतलेलं. सामानाचे पैसे यानंतर येतात.

मात्र सगळ्या स्वस्त कंपन्या हे एकाच पद्धतीने करत नाहीत, आणि सेमिनारमध्ये सगळ्यांना एकाच गोणीत भरू नका. ईझीजेट १९९५ मध्ये लंडनजवळच्या ल्युटनहून सुरू झाली ती स्टेलिओस हाजी-इयोआनू यांच्या डोक्यातून, विमानाच्या अंगावर बुकिंगचा फोन नंबर रंगवून. पण आज तिची ताकद लंडनचं गॅटविक, जिनिव्हा, मिलान माल्पेन्सा अशा मुख्य विमानतळांवरच्या स्लॉटमध्ये, म्हणजे उतरण्या-उडण्याच्या राखून मिळालेल्या वेळांमध्ये आहे. तिथे दर जास्त, म्हणून खर्चही जास्त. पण सकाळी सातला जिनिव्हाला पोचायचं आहे असा माणूस पैसेही जास्त देतो. शिवाय तिने सहलींचा धंदा उभा केलाय. सप्टेंबर २०२४ ला संपलेल्या वर्षात करपूर्व ६१ कोटी पौंडांच्या नफ्यातले १९ कोटी या सहलींचे होते.

हंगेरीच्या विझ एअरची गोष्ट वेगळी. पोलंड, हंगेरी वगैरे देश १ मे २००४ ला युरोपीय संघात आले आणि त्याच महिन्यात कातोवित्सेहून तिचं पहिलं विमान उडालं. कातोवित्से, बुडापेस्ट, नंतर रोमानियातली शहरं. इथला प्रवासी सुट्टीवर जाणारा पर्यटक नाही, ल्युटनला बांधकामावर काम करणारा आणि ईस्टरला घरी निघालेला माणूस आहे. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्याला जसं 'यंदा नको' म्हणता येत नाही, तसंच त्याचं. मंदीतही हा प्रवास फारसा तुटत नाही. विझने भर दिला तो २३९ सीटच्या एअरबस ए३२१निओवर, आणि विमानं विकून परत भाड्याने घेण्याच्या पद्धतीवर. त्यातला धोकाही दिसला. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत २०२३ मध्ये दोष निघाला आणि तिची चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. एकच जात ठेवण्याचा फायदा त्या जातीला आजार होईपर्यंतच असतो.

आता मोठ्यांनी हे का केलं नाही. केलं की! ब्रिटिश एअरवेजने १९९८ मध्ये 'गो' ही स्वस्त कंपनी काढली, नंतर विकून टाकली आणि २००२ मध्ये ती ईझीजेटने गिळली. नेदरलँड्सच्या केएलएमची 'बझ' २००३ मध्ये रायनएअरकडे गेली. लुफ्तान्साने जर्मनविंग्ज आणि युरोविंग्ज या आपल्या स्वस्त कंपन्यांचे साचे पुन्हा पुन्हा बदलले. अडचण अशी की स्वस्त पोरगी चांगली चालली तर घरच्याच मोठीचे प्रवासी खाते, आणि वाईट चालली तर ठेवायची कशाला? म्हणून आईबापच तिचे हात बांधतात: अमुक मार्गावर जाऊ नकोस, जुने वैमानिक घे, आपलीच संगणक यंत्रणा वापर. शिवाय हबचं, म्हणजे प्रवासी जिथे विमान बदलतात त्या मोठ्या विमानतळाचं, गणित उलटं असतं. फ्रँकफर्टला सकाळी पन्नास विमानं एकदम येतात, प्रवासी अदलाबदल करतात, पन्नास विमानं निघतात. मुंबईहून आलेल्या प्रवाशाची बॅग ऑस्लोच्या विमानात चढायची असेल तर ते विमान थांबलंच पाहिजे. तिथे पंचवीस मिनिटांचं काही चालत नाही. जी कंपनी विमान बदलून पुढे जाणारे प्रवासी घेते तिला वेळ द्यावा लागतो, वाचवता येत नाही. त्यातल्या त्यात स्पेनची व्यूलिंग बरी निघाली, कारण ती बाहेर वाढून मग २०१३ मध्ये आयएजीकडे (ब्रिटिश एअरवेजच्या मालक समूहाकडे) आली आणि तिला बरंचसं तिच्या पद्धतीने चालू दिलं.

लांब पल्ल्यावरही ही पद्धत अडते. नॉर्वेच्या नॉर्वेजियन या स्वस्त कंपनीने २०१३ पासून बँकॉक, न्यूयॉर्कला स्वस्त उड्डाणं चालवली आणि जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ला कायमचा सोडला. कोविड निमित्त झालं, दुखणं आधीचं होतं. अटलांटिकपार जाणारं जुन्या कंपनीचं विमानही दिवसाचे तेरा-चौदा तास हवेतच असतं, त्यामुळे वाचवायला वेळच उरत नाही. क्रूला परदेशी हॉटेल द्यावंच लागतं. आणि पुढच्या केबिनमध्ये जास्त पैसे देणारा प्रवासी नसेल तर मागच्यांच्या स्वस्त तिकिटांवर विमान चालत नाही.

छोट्या पल्ल्यावरही सगळं सुरळीत नाही. युरोपीय संघाच्या नियमानुसार विमान तीन तासांपेक्षा उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असेल, तर दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई. तुमचं तिकीट पंधराचं! सकाळी पहिल्या उड्डाणाला उशीर झाला की तो दिवसभर पुढे ढकलला जातो, कारण मध्ये मोकळा वेळच ठेवलेला नाही. म्हणून मोठ्या तळांवर एखादं विमान राखीव उभं ठेवतात. माणसांचंही तसंच. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये वैमानिकांच्या पाळ्यांचा घोळ होऊन रायनएअरला हजारो उड्डाणं रद्द करावी लागली आणि त्याच वर्षाच्या शेवटी तिने पहिल्यांदा संघटनांना मान्यता देण्याची तयारी दाखवली. माणसांना किती ताणायचं याची हद्द तेव्हा कळली. जर्मनीत हवाई प्रवासावरचा कर आणि सुरक्षेचं शुल्क वाढत गेलं, तेव्हा या कंपन्यांनी तिथली विमानं इटली, पोलंड, स्पेनकडे हलवली. तुम्हाला तिथून स्वस्त पर्याय कमी दिसतात त्याचं हे एक कारण.

जाता जाता, भारतीय पासपोर्ट असेल तर प्रत्येक वेळी व्हिसा आणि कागदपत्रांच्या तपासणीचे कंपनीचे नियम आधी वाचा. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर दंड कंपनीला पडतो, त्यामुळे गेटवर कुणीही दयामाया दाखवत नाही.

सेमिनारबद्दल: 'स्वस्त विमान कंपन्यांची व्यूहरचना' असा ढोबळ विषय घेऊ नका. रायनएअर, ईझीजेट आणि विझ यांचे वार्षिक अहवाल उघडा आणि इंधन वगळून प्रवाशामागचा खर्च तिघांचा काढा. मग बघा, फरक विमानतळ शुल्कात आहे, पगारात आहे की विमानाच्या मालकीत. विझची तुलना करताना सीटमागे आणि किलोमीटरमागे दोन्ही आकडे काढा, कारण तिचे पल्ले लांब आहेत आणि नुसता प्रवाशामागचा आकडा तिच्यावर अन्याय करतो. आर्थिक वर्षंही वेगळी आहेत, दोघांचं मार्चला संपतं, ईझीजेटचं सप्टेंबरला. ते जुळवून घ्या, नाहीतर तिच्या आकड्यांत आलेला उन्हाळा बाकीच्या दोघांच्या आकड्यांत आलेला नसेल.